मागचं डावं दार

आमच्या अँबॅसिडरचं मागचं डावं दार पावसात गळायचं. मी शाळेत होते तेव्हापासून गळायचं आणि आई गेली त्या वर्षीही गळतच होतं. दाराच्या चौकटीला आतून रबराची पट्टी असते, तिला बिडिंग म्हणतात. ती वरच्या कोपऱ्यात सुटली होती आणि पाणी बरोबर तिथून आत येऊन आईच्या खांद्यावर पडायचं. गाडीतल्या जागा ठरलेल्या होत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, गाडी चालवणार. त्यांच्या शेजारी माझा मोठा भाऊ, नाहीतर एखादं अशील, कारण अण्णा शेवगावच्या कोर्टात वकिली करायचे आणि नगरहून जाता-येता कुणीतरी सोबत असायचंच. मागे उजवीकडे मी, कारण मला सर्दी लगेच व्हायची. डावीकडे आई, मांडीवर पंचा घेऊन.

एकदाच ती बोलल्याचं मला आठवतं. शेवगावच्या वाटेवर मिरी गावाच्या पुढे कुठेतरी पावसानं गाठलं होतं. पंचा खिडकीबाहेर पिळत ती म्हणाली, "अहो, एवढं रबर तेवढं बदलून घ्या ना." अण्णांनी आरशातही न बघता उत्तर दिलं, "आपल्याकडे पाऊस आहे कुठं?" पुढे बसलेलं अशील खो खो हसलं. आता नगर जिल्ह्यात पाऊस कमीच, ते मलाही मान्य आहे. पण जेवढा पडायचा तेवढा तिच्या अंगावर पडायचा, त्याचं काय? आई पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. पावसाळ्यात गडद रंगाच्या साड्या नेसायला लागली एवढंच, कारण ते रबर चिकट झालं होतं आणि पदराला काळे डाग पडायचे.

रबर चिकट का झालं होतं, तर अण्णांच्या मायेनं. हो, मायेनंच. खंडेनवमीला आमच्याकडे गाडीचा थाट असायचा. सकाळी गाडी धुवायची, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, झेंडूची माळ घालायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं. आणि पूजेच्या आधी अण्णा जुन्या बनियनचा बोळा घेऊन गाडीच्या सगळ्या रबरांना खोबरेल तेल चोळायचे. दारांच्या, काचांच्या, डिकीच्या. "रबराला तेल पाजलं की ते जिवंत राहतं," असं ते दरवर्षी म्हणायचे. गल्लीत सगळेच चोळायचे, कुणी स्कूटरच्या मुठींना, कुणी सायकलच्या टायरला. तेल लागलं की रबर काळंभोर दिसायचं आणि अण्णा चार पावलं मागे जाऊन बघत उभे राहायचे. आईच्या डोक्याला तेल लावताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण त्या गाडीला तेल लावताना त्यांचा हात किती हलका व्हायचा!

आणि तेल रबराला खातं. आधी फुगवतं, मग मऊ पाडतं, मग ते बोटाला लागायला लागतं आणि एक दिवस हातात तुकडा येतो. हे मला कळलं नगरजवळच्या नागापूरला, एमआयडीसीत. तिथे मी कशी पोचले ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कशाचं काही कळायचं नाही.

माझं लग्न श्रीरामपूरला झालं होतं. नवरा मारझोड करणारा नव्हता, दारू प्यायचा नाही. तो फक्त दुसऱ्या बाईचा होता, लग्नाच्या आधीपासून. सासरी सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं. कळल्यावरही मी काही महिने काढले, कारण आपल्याला तसंच शिकवलेलं असतं. मग एक दिवस मी अण्णांना फोन केला, मला न्यायला या. ते आले, आईला घेऊन, याच गाडीनं. सासऱ्यांशी ते वकिली भाषेत काहीतरी बोलले, माझी बॅग डिकीत ठेवली आणि आम्ही निघालो. ऊन होतं, उकडत होतं, तरी अण्णांनी मागच्या काचा वर करायला लावल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी हळू केली आणि समोर बघतच म्हणाले, "जरा खाली वाक. लोक कट्ट्यावर बसलेत."

मी वाकले. कपाळ गुडघ्यांना टेकवलं. शेजारी आई बसली होती, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तीही वाकली. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन थांबेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो होतो, चोरून आणलेल्या मालासारख्या. दाराच्या त्या तेलकट रबराचा वास मला अजून येतो. मी काय गुन्हा केला होता हो? आजही कुणी समोर बसवून सांगावं, मी ऐकून घेईन.

घरात बसून राहिले असते तर मला वेड लागलं असतं. कट्ट्यावरच्या लोकांना विषय मिळाला होताच, त्यांना रोज दर्शन कशाला द्यायचं! ओळखीतून नागापूरच्या एका रबराच्या कारखान्यात जागा आहे असं कळलं आणि मी गेले. साच्यातून निघालेल्या रबराच्या कडेला जादाचा पापुद्रा राहतो, तो ब्लेडनं कापून काढायचा. त्याला ट्रिमिंग म्हणायचे आणि ते काम सगळं बायकांचं. टेबलाला टेबल लावून आम्ही बसायचो, डबे एकत्र खायचो, एकमेकींच्या सासवांना नावं ठेवायचो. संध्याकाळी केसांना गंधकाचा वास यायचा, शिकेकाईनं धुतले तरी जायचा नाही. अण्णा म्हणाले, "वकिलाची मुलगी रबर कापते, लोकांना काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, सरळ कापते." त्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत आणि मला त्या आठवड्यात फार बरं वाटलं.

तेलाचं मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. कारखान्यात रबराजवळ तेलाचा हात नेला तर सुपरवायझर खेकसायचा. खंडेनवमीला अण्णा बोळा घेऊन बसले तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, नका लावू. तेलानं रबर सडतं." ते म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आधीपासून लावतोय. मला शहाणपणा शिकवू नकोस." आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे जाऊ दे. आमच्या घरात सगळं जाऊ देण्याचं खातं तिच्याकडेच होतं.

मग ती गेली. पुढे अण्णांनी गाडी चालवणं सोडलं आणि गाडी शेडमध्ये धूळ खात पडली. लॉकडाऊननंतर कारखान्यानं माणसं कमी केली, त्यात मी घरी आले आणि अण्णांची पथ्यं, गोळ्या, आंघोळीचं पाणी असं सगळं पूर्णवेळ माझ्याकडे आलं. दादा पुण्याहून महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, शेडकडे बघून नाक मुरडायचा आणि म्हणायचा, "हे भंगार काढून टाका हो. जागा तरी मोकळी होईल." अण्णा मूग गिळून बसायचे. भंगारवाल्याला बोलवा असं मात्र त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

आणि गेल्या वर्षी दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्न नगरलाच करायचं होतं, सगळे नातेवाईक इकडचेच म्हणून. पोरीनं मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता, नवरी जुन्या गाडीतून उतरते, फुलंबिलं लावलेली. तिनं फोन केला, "आत्या, आजोबांची गाडी आहे ना अजून? मला व्हिंटेज एंट्री हवीय." झालं! कालपर्यंतचं भंगार एका फोनवर व्हिंटेज झालं. दादा दुसऱ्याच आठवड्यात हजर. शेडमध्ये जाऊन बॉनेटवर हात फिरवतो काय, फोटो काढतो काय! "आपली अँबॅसिडर," म्हणाला. आपली म्हणे.

इंजिनाचं काम नगरच्याच एका मेकॅनिकनं केलं, पत्रा आणि रंग दुसऱ्यानं. रबराला मात्र कुणी हात लावेना. मेकॅनिक म्हणाला, हे किचकट काम आहे, पुण्याला न्या. दादा म्हणाला, "राहू दे मग. वरून दिसतंय कुठं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वरून दिसत नाही हे बरोबरच होतं, आईचा भिजलेला खांदाही कुणाला दिसला नव्हता. मी म्हटलं, "रबराचं मी करते."

दादा पुण्याला गेल्यावर मी अण्णांसमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "अण्णा, मी हे काम करते, पण माझ्या दोन अटी आहेत. एक, नव्या रबराला तेलाचा थेंब लावायचा नाही."

"बरं."

"दुसरी. लग्नाला जाताना नवरीच्या गाडीत मी बसणार. मागे डावीकडे, आईच्या जागेवर. आणि गल्लीतून जाताना माझी काच खाली असेल."

त्यांना ते बरोबर समजलं. वकिली केलेला माणूस, शब्दाच्या मागचं त्यांना समजायचंच. ते म्हणाले, "बस. तुझाच हक्क आहे तो. मी शब्द देतो."

बाकी मला काही नको होतं. आहेर नको, मानपान नको, व्यासपीठावर फोटो नको. ज्या गाडीतून मला वाकवून आत आणलं, त्याच गाडीतून मला ताठ बसून, काच खाली करून, त्या कट्ट्यासमोरून एकदा बाहेर पडायचं होतं.

मी कामाला लागले. आधी जुनं सगळं काढलं. दारांचं बिडिंग निघालं ते तुकड्या-तुकड्यांनी, काही ठिकाणी तर गुळाच्या काकवीसारखं, चमच्यानं खरवडून. डिकीच्या रबरात मातीबरोबर तेलाचे थर बसले होते, आमच्या इतक्या साऱ्या खंडेनवम्या. रॉकेल मिळत नाही हल्ली, थिनरनं चौकट पुसली. खालचा पत्रा जिथे गंजला होता तिथे घासून रंग दिला. नवी रबरं काही माळीवाड्यातल्या एका दुकानात मिळाली, काही दिल्लीहून कुरिअरनं मागवली. मागच्या तिकोनी काचांची मिळालीच नाहीत. ती मी कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीकडून, टाकाऊ मालातली पट्टी आणून, कोपऱ्यात तिरकी कापून, सोल्युशननं जोडून घरीच केली. ब्लेड हातात घेतल्यावर बोटांना सगळं आठवलं. बाजूच्या चमकत्या पट्ट्या उतरवल्या, धुतल्या, वाकलेल्या होत्या त्या गुडघ्यावर ठेवून सरळ केल्या आणि नव्या क्लिपांवर बसवल्या.

पुढची काच बसवायला दोन माणसं लागतात. काचेच्या कडेला रबर चढवायचं, रबराच्या खाचेत सगळीकडून दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, आणि काच बाहेरून चौकटीला टेकवून दाबून धरायची. आत बसलेल्या माणसानं दोरी हळूहळू ओढली की रबराची कड पत्र्यावरून आत पलटत जाते. जोर लागत नाही, सबुरी लागते. शेजारच्या कुणाला बोलवावं म्हणून मी निघाले, तर अण्णा म्हणाले, "मी ओढतो." चौऱ्याऐंशीचा माणूस, पण गाडीत जाऊन बसला. बाहेरून मी दोन्ही तळव्यांनी काच दाबतेय, आतून ते दोरी ओढतायत, मध्ये काच. त्यांचा चेहरा इतक्या जवळून मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. मी ओरडून सांगत होते, "हळू, अण्णा, कोपऱ्यात हळू," आणि ते लहान मुलासारखी मान हलवत होते. रबर शेवटच्या कोपऱ्यात बसलं तेव्हा ते आतून हसले. मीही हसले. तो दिवस चांगला होता, हे मी नाकारत नाही.

मागचं डावं दार मी सगळ्यात शेवटी केलं. सोल्युशन लावलं, बिडिंग वरच्या कोपऱ्यापासून सुरू करून बोटानं दाबत दाबत खाली आणलं, दार लावून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा घेतली. कामवाल्या बाईला म्हटलं, टपावर नळाची पाइप सोड. मी आत आईच्या जागेवर जाऊन बसले. मांडीवर पंचा घेतला, उगीचच. वरून पाणी धबाधबा कोसळत होतं, काचांवरून ओघळत होतं आणि आत एक थेंब नाही. मी खांद्याला हात लावून बघितला, कोरडा. मला रडू कोसळलं. इतकं सोपं होतं! एवढ्याशा रबरासाठी तिला आयुष्यभर ओलं ठेवलं या लोकांनी. मी अण्णांच्या नावानं बोटं मोडली, तिच्याही नावानं मोडली, आणि मग तोंड धुऊन भाकऱ्या टाकायला गेले.

लग्न मे महिन्यात होतं, सावेडीच्या पलीकडे एका लॉन्सवर, संध्याकाळच्या मुहूर्तावर. दुपारपासून घर नुसतं गजबजलं होतं. दादानं पुण्याहून ड्रायव्हर आणला होता. गाडीला शेवंतीच्या माळा लावल्या होत्या आणि गल्लीतले लोक येऊन येऊन बघून जात होते. कट्टाही भरला होता. त्यातले म्हातारे आता बरेच कमी झालेत, पण त्यांच्या जागेवर त्यांचीच मुलं बसतात. मी आईची जांभळी पैठणी नेसले होते. गजरा माळला होता, बऱ्याच वर्षांनी. वहिनी म्हणाली, "वन्सं, छान दिसताय हं." मला ते खरं वाटलं.

पोरगी नटून खाली आली, गाडीत मध्ये बसली. उजवीकडून वहिनी चढली. अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी, फेटा बांधून. मी डाव्या दाराशी गेले, मुठीला हात घातला, आणि मागून वहिनीच्या आईचा आवाज आला, "अहो, थांबा थांबा."

त्या बाई वाईट नाहीत. गोड बोलतात. माझ्या कोपराला धरून त्यांनी मला जरा बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "नवरीच्या दोन्ही बाजूला सवाष्णच हवी हो. रीत आहे. तुम्ही समजूतदार आहात. आणि रुखवताच्या टेम्पोत घरचं माणूस कुणीच नाही, ती ड्रायव्हर-हमाल मंडळी कसंही आपटतील. तुम्हीच बघू शकता ते."

आमच्याकडे ही एक गंमत आहे. मी कुमारी नाही, विधवा नाही, आणि घटस्फोट झाल्यापासून सवाष्णही नाही. कुठल्याच रकान्यात न बसणाऱ्या बाईला 'घरचं माणूस' म्हणतात आणि रुखवताबरोबर बसवतात. याच पोरीच्या बारशाला तिच्या कानात नाव मी सांगितलं होतं. तेव्हा माझं लग्न टिकलेलं होतं, म्हणून चाललं. पोरगी आतून म्हणाली, "आत्या बसणार होती ना इथं?" वहिनी म्हणाली, "तू हलू नकोस, मेकअप जाईल." त्यावर ती हलली नाही.

दादा मोबाईलवर लॉन्सवाल्याशी बोलत होता. बोलत बोलत तो लांब गेला. कशापासून लांब गेला ते मला दिसलं.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांच्या बाजूची काच खाली होती, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "अण्णा?" एवढंच. त्यांनी एक वाक्य म्हणायचं होतं: तिला मी शब्द दिलाय. घरातला सगळ्यात मोठा माणूस, फेटा बांधून पुढे बसलेला, कुणाची छाती होती त्यांच्यापुढे बोलायची? ते मग हँडल फिरवून काच वर घ्यायला लागले. सहज वर गेली काच, कुठे अडकली नाही, करकरली नाही, कारण तिची खोबणही मीच बदलली होती. वर जाऊन रबरात बसली. आणि मग आतून त्यांचे ओठ हलले. काहीतरी म्हणाले ते, माझ्याकडे बघून. पण मला ऐकू आलं नाही. रबर नवं होतं, मीच बसवलं होतं.

वहिनीच्या आई आईच्या जागेवर बसल्या. गाडी गल्लीतून निघाली, कट्ट्यावरचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि आतली सगळी माणसं ताठ बसली होती.

मी टेम्पोत चढले. मागे, रुखवतापाशी. थर्माकोलचा महाल, लाडवांची ताटं, कापसाच्या बाहुल्या, पोह्याच्या पापडांचे हंडे. पत्रकार चौकापर्यंत गेलो आणि वळीव सुटला. आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग सरळ धो धो. टेम्पोवाल्यानं गाडी कडेला घेतली आणि एक प्लास्टिकचा कागद माझ्याकडे फेकला. मी तो रुखवतावर ओढला, दोन टोकं पायांनी दाबली, दोन हातांनी धरली. कागद रुखवतापुरताच होता. टेम्पोवाला वाकून म्हणाला, "ताई, म्होरं येऊन बसा की. लई भिजाल हितं."

"हे सोडलं तर उडून जाईल."

"तुमी नवरीच्या कोन?"

"आत्या."

"सख्ख्या? मंग त्या फुलाच्या गाडीत न्हाई बसल्या व्हय?"

मी म्हटलं, "गाडी चालवा हो तुम्ही." बिचाऱ्याचं काय चुकलं होतं? पण मला दुसऱ्या कुणावर ओरडता आलं नव्हतं. पैठणीचा डावा खांदा आधी भिजला, मग सगळीच भिजली. लॉन्सवर पोचले तेव्हा गजरा मानेला चिकटला होता आणि रुखवत कोरडं होतं. वहिनीच्या आई म्हणाल्या, "बघा, म्हणून म्हटलं घरचं माणूस हवं."

अक्षता पडल्या, जेवणं झाली. मी अण्णांना ताट नेऊन दिलं, त्यांना बासुंदी चालत नाही ती काढून ठेवली. ते एकदम खूश होऊन म्हणाले, "अगं, एवढा पाऊस लागला, पण आत एक थेंब आला नाही हं! विहीणबाई तर चाट पडल्या. मी सांगितलं त्यांना, आमच्या मुलीनं केलंय सगळं." मी विचारलं, "निघताना काचेतून काय म्हणालात मला?" ते आठवल्यासारखं करून म्हणाले, "काही नाही. असंच." मी पुढे विचारलं नाही. मला जे ऐकायचं होतं ते असतं तर त्यांनी काच वर घेण्याआधी म्हटलं असतं.

पोरगी सासरी गेली, दादा-वहिनी पुण्याला गेले. गाडी शेडमध्ये आली. तिचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले आणि दादाच्या ऑफिसातल्या लोकांनी म्हणे विचारलं, कुणाकडून करून घेतली? त्यानं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. अण्णांच्या गोळ्या, पथ्यं, आंघोळीचं पाणी सुरू होतं. मी त्यांच्याशी भांडले नाही. भांडायला समोरच्याकडून काहीतरी अपेक्षा लागते.

मग खंडेनवमी आली. अण्णांनी सकाळीच गाडी बाहेर काढायला लावली, मेकॅनिकचा माणूस येऊन काढून गेला. मी गाडी धुतली, झेंडू ओवला. अण्णा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर जुन्या बनियनचा बोळा. थोड्या वेळानं चाचरत म्हणाले, "खोबरेल कुठं आहे गं? सणाचं, जरासं बोट लावावं म्हणतो. शास्त्रापुरतं."

बाटली मी फळीवर मागे सारून ठेवली होती, त्यांच्या हाताला लागू नये म्हणून. काढली. झाकण त्यांना उघडत नाही, ते उघडून दिलं.

त्यांनी बाटली हातात घेतली आणि तेवढ्यात त्यांना आठवलं. "तूच म्हणाली होतीस ना, तेलानं रबर खराब होतं म्हणून? परत पाणी यायला लागेल का आत?"

ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी नको म्हटलं असतं तर त्यांनी निमूटपणे बाटली परत दिली असती, या वयात आता ते माझं सगळं ऐकतात.

मी म्हटलं, "आपल्याकडे पाऊस आहे कुठं, अण्णा?"

त्यांना ते पटलं. हसून मान हलवली आणि मागच्या डाव्या दारापासूनच सुरुवात केली, अगदी हलक्या हातानं. ते वाक्य आपण कधी, कुणाला म्हटलं होतं, हे त्यांना आठवलं नाही.